दाढेतली पासष्ट वर्षं

उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर, तोर्शहाव्नच्या बंदराला लागून असलेल्या अस्थिशाळेत, मंगळवारी सकाळी शलाका औटीने एका दाढेचा काप स्तरवाचकात सरकवला. काप केसाहूनही पातळ होता. ती दाढ ज्या बाईची, तिला मरून बाराशेहून अधिक वर्षं झाली होती.

तीन वर्षांपूर्वी समुद्राने उत्तरेकडच्या एका खाडीचा कडा कातरला आणि आतलं थडगं उघडं पडलं. मधोमध उंच पुरुष, त्याच्या उजव्या हाताशी गंजलेली तलवार. त्याच्या पायथ्याशी, आडवी, एक बाई. तिच्याजवळ मणीसुद्धा नव्हता. आम्लधर्मी मातीने हाडांचा पार भुगा केला होता आणि आनुवंशिक द्रव्य तर केव्हाच धुऊन गेलं होतं. दात तेवढे शाबूत राहिले.

उत्खनन केलं हानुस योएनसेनने. फेरोच्या पुरातत्त्व खात्यात त्याची तीस वर्षं गेली होती आणि त्याला शंका म्हणून नव्हती. पुरुष म्हणजे नॉर्वेहून आलेला व्हायकिंग सरदार. बाई म्हणजे त्याची दासी, मालक मेल्यावर सोबत म्हणून मारून पुरलेली.

दाढेच्या कवचाच्या आधीच्या एका चाचणीत बाईचं बालपण हेल्सा बेटावर गेल्याचं निघालं. हेल्सा स्कॉटलंडच्या पश्चिमेला. एकूण वस्ती त्रेपन्न. त्या त्रेपन्न जणांनी पत्र पाठवलं होतं : ही आमची चोरून नेलेली लेक आहे, आम्हाला परत द्या. संग्रहालय तयार झालं. गुरुवारच्या बोटीने हेल्साची पेगी मॅकफी अस्थी न्यायला येणार होती.

"मग आता आणखी काय वाचायचंय?" हानुसने कॉफीचा मग टेबलावर ठेवत विचारलं.

"संग्रहालयातल्या पाटीवर तुम्ही लिहिलंय, दोघं एकाच दिवशी पुरली गेली. ते मला तपासायचंय."

"दातावरून दिवस कळतो?"

"ऋतू कळतो. दाढेच्या कवचात पहिली काही वर्षं नोंदली जातात आणि मग मुळावर आयुष्यभर एक लेप चढत राहतो. दर वर्षी एक थर, झाडाच्या खोडातल्या वळ्यांसारखा. माणूस त्या वर्षी जे पाणी पितो, जे खातो, त्याची समस्थानिकं, म्हणजे मूलद्रव्यांचे हलके-जड प्रकार, त्या थरात अडकून बसतात. हेल्साचा खडक कितीतरी कोटी वर्षं जुना आणि फेरोचा त्यामानाने कालचा, म्हणून पाण्याची खूण वेगळी. आजवर आपण एका दातावरून एक जागा सांगत होतो. स्तरवाचक प्रत्येक थराचे पन्नास भाग करतो. म्हणजे जवळजवळ आठवड्याचा हिशेब. जगाचा जलनकाशा त्याला जोडला की माणूस कधी कुठे होता, हे ओळीने वाचता येतं."

"आणि साल?"

शलाकाने पडद्यावरचा एक टोकदार उंचवटा दाखवला. "हा बघा. इसवी सन सातशे चौऱ्याहत्तरच्या सुमाराला आकाशातून किरणांचा प्रचंड मारा झाला, बहुधा सूर्याच्या वादळाने. जगभरच्या झाडांत त्याची खूण आहे. हिच्या दाढेत ती पहिल्याच वर्षाच्या कवचात उमटलीय. ही तेव्हा तान्ही होती."

हानुस खुर्ची ओढून बसला. इतका वेळ तो उभाच होता.

दुपारपर्यंत पडद्यावर एक अख्खं आयुष्य उलगडत गेलं. एकवीस वर्षं हेल्साचं पाणी, जवाचं अन्न, समुद्रातली मासळी. एकोणिसाव्या वर्षाच्या थरात एक काळी बारीक रेघ होती. बाळंतपणात शरीरातला चुना ओढला जातो, तेव्हा अशी रेघ पडते. सातशे पंचाण्णवच्या शरद ऋतूत पाणी एकाएकी बदललं.

"पंचाण्णव," हानुस हळूच म्हणाला. "त्याच वर्षी पश्चिमेच्या बेटांवर धाडी पडल्याच्या नोंदी आहेत. मठांच्या. गावांची नोंद कोण ठेवणार?"

पुढची चार वर्षं नॉर्वेच्या एका खोल खाडीतली. थर कागदासारखे बारीक झालेले, उपासमारीचे. मग बाल्टिकचा किनारा. मग पूर्वेकडच्या मोठ्या नद्या, आणि तिथे अन्नातल्या कार्बनची खूणच पालटली.

"हे काय झालं?" हानुसने विचारलं.

शलाका हसली. ती पारनेरकडची, त्यामुळे ही खूण तिच्या स्वतःच्या दातांतही होती. "बाजरीच्या जातीचं भरड धान्य. उत्तरेत ते पिकत नव्हतं. व्यापाऱ्यांच्या होड्यांबरोबर ही बाई सात वर्षं नद्यांवर फिरली. आणि थर बघा, जाड होत चाललेत. पोटभर खात होती. दासी म्हणून गेली असेल, पण परत आली तेव्हा ती दासी राहिली नव्हती."

शलाकाने पुढचे थर पडद्यावर आणले. लूट, व्यापार, वसाहत, असे धडे तिने शाळेत वेगवेगळे शिकले होते. ते सगळं एका बाईच्या दाढेत, तांदळाच्या दाण्याहून पातळ जागेत, एकावर एक चढलं होतं. 

आठशे सतराच्या उन्हाळ्यात, काही आठवड्यांपुरतं, हेल्साचं पाणी पुन्हा दिसलं. नंतर शेटलंड बेटं. नंतर फेरो, थेट शेवटपर्यंत. शेवटचा थर आठशे एकोणचाळीसचा. ती पासष्ट वर्षं जगली होती.

"आता त्याची दाढ द्या," शलाका म्हणाली.

हानुस कुरकुरला. सरदाराच्या दाताला हात लावायची त्याची मुळीच इच्छा नव्हती. पण त्याने कुलूप काढलं.

बुधवारी दोन्ही वाचनं शेजारी शेजारी मांडली. पुरुषाच्या बाहेरच्या थरांपासून आत अकरा वर्षं जशीच्या तशी तिच्याशी जुळत होती : तेच पाणी, त्याच कडक हिवाळ्यांची उपासमार. मात्र त्याचा शेवटचा थर आठशे अठ्ठावीसचा होता.

"चूक आहे," हानुस म्हणाला. "बाई त्याच्यानंतर अकरा वर्षं जगली? मग तिला मारून त्याच्याबरोबर पुरलं कसं?"

"पुरलंच नाही. थडगं पुन्हा उघडलं असणार."

 हानुसने उत्खननाची छायाचित्रं बाहेर काढली. पायथ्याकडच्या मातीत एक काळपट पट्टा होता. त्याने तीन वर्षांपूर्वी त्यावर लिहिलं होतं, 'प्राण्याचं बीळ'. आता त्याने त्या पट्ट्यावर भिंग धरलं. "कुदळीने कापलेली गवताची माती आहे ही," अखेर तो म्हणाला. "मला दिसत होती. मी बघितली नाही."

शलाका पुरुषाच्या दाढेत आणखी आत गेली. आठशे सतराच्या आधी हा पुरुष नॉर्वेत नव्हता. तो हेल्साला होता. जन्मापासून.

"सरदार हेल्साचा?"

"थांबा." शलाकाने अगदी आतले थर मोठे करून पाहिले. "आईचं दूध पिणाऱ्या मुलाच्या नायट्रोजनची खूण निराळी असते. दूध सुटतं तसं ती हळूहळू उतरते, पाच-सहा महिने लागतात. याची एका आठवड्यात तुटलीय. सातशे पंचाण्णवच्या शरदात. हा दोन वर्षांचा होता."

हानुसने बाईच्या बाळंतपणाच्या रेघेकडे पाहिलं, मग या पुरुषाच्या पहिल्या थराकडे. सातशे त्र्याण्णवचा वसंत. दोन्हीकडे एकच आठवडा.

"ती आपल्या मुलाला न्यायला आली होती," तो म्हणाला. "बावीस वर्षांनी."

"आली होती एवढं खरं. तो आनंदाने गेला, की तलवारीच्या धाकाने नेला, ते दात सांगत नाहीत. पण पुढची अकरा वर्षं दोघांच्या ताटात एकच अन्न होतं."

गुरुवारी पेगी मॅकफी आली. सत्तरी ओलांडलेली, एके काळी फेरीबोट चालवणारी, रुंद खांद्यांची बाई. तिच्या काखेत हेल्साच्या लोकरीचं विणलेलं पांघरूण होतं. शलाकाने तिला दोन्ही वाचनं समजावून सांगितली. 

"म्हणजे दोघंही आमचीच," शेवटी पेगी म्हणाली. "मुलगासुद्धा."

"हो," हानुस म्हणाला.  "तुमचा दोघांवरही हक्क पोचतो. मी आडवा येणार नाही."

"त्याआधी एक गोष्ट बघा," शलाका म्हणाली. "ही मला आज सकाळीच सापडली. मुलगा गेल्यानंतरच्या अकरा वर्षांत सगळीकडे फेरोचंच पाणी आहे. फक्त इथे, आठशे सदतीसच्या उन्हाळ्यात, हा पिवळा पट्टा."

पेगीने चष्मा सारखा केला. "हे आमचं पाणी?"

"तुमचं. ती त्रेसष्ट वर्षांची होती. उघड्या होडीतून तेवढा समुद्र ओलांडून ती हेल्साला गेली."

"किती दिवस राहिली?"

"दोन महिने. फार तर अडीच."

"मग?"

"मग पुन्हा फेरो. इथेच वारली. आणि कोणीतरी त्याचं थडगं उघडून तिला त्याच्या पायथ्याशी ठेवलं. तिने सांगितल्याशिवाय कोणी इतके कष्ट घेतले असते असं मला वाटत नाही."

पेगी पडद्याजवळ गेली. थरांवरून बोट फिरवत ती पुटपुटत मोजू लागली. पंचाण्णवपासून सतरापर्यंत बावीस थर मोजून झाल्यावर तिचं बोट थांबलं. पुढे पिवळ्या पट्ट्यावर येऊन ते बराच वेळ टेकून राहिलं.

"आमच्याकडे सगळ्यांना वाटत होतं, तिला घरी यायचं राहून गेलं," ती म्हणाली. "पोरी, ती तर येऊन गेली. सगळं पाहिलं तिने. हवं असतं तर राहिली असती, तिला कोण अडवणार होतं?"

तिने पडद्यावरून बोट काढलं.

"आता मी तिला पेटीत घालून नेलं," पेगी म्हणाली, "तर ते तिला दुसऱ्यांदा उचलून नेणंच झालं."

तिने पांघरूण उलगडलं. ते एका माणसाच्या मापाचं विणलेलं होतं. तिने ते हानुसच्या हातात दिलं आणि दोघांवर मिळून घालायला सांगितलं.

संध्याकाळी बोट हेल्साकडे निघाली तेव्हा तिच्यावर पेगी एकटीच होती.