पाहुण्याच्या हातचं पिठलं

“दाबू नका, मॅडम. टोमॅटो आहे, दाराची बेल नाही.”

मी हात मागे घेतला. मंडईत शकूमावशींकडून मी कॉलेजपासून भाजी घेते. त्यांच्या शेजारी बसलेला हा सावळा, हसऱ्या डोळ्यांचा प्राणी मात्र नवीन होता. त्यांचा मुलगा, सूरज.

“बोलोन्याच्या बाजारातही मला असंच ओरडले होते,” मी म्हणाले. सदाशिव पेठेत वाढलेली मुलगी ऐकून घेईल होय? “इटलीत भाजीला हात लावत नाहीत. ते देतील ती घ्यायची.”

“फिरायला गेला होता ना? मग भाजी कशाला?”

मग सांगावंच लागलं. मी हॉटेलात उतरत नाही, लोकांच्या घरी राहते. निघायच्या आदल्या दिवशी तिथल्या बाजारात जाऊन मिळेल ते आणते आणि त्या घरासाठी स्वयंपाक करते. बोलोन्याच्या पाओलाबाईंनी तर माझी आमटी चाखून बाजूला ठेवली आणि जेवणानंतर फळांबरोबर वाढली.

“गूळ घातला असेल,” सूरज गंभीरपणे म्हणाला. “त्यांची काय चूक?”

मला हसू आवरेना. त्याने मात्र टोमॅटो तागडीत टाकले आणि हळूच म्हणाला, “मीपण चाललोय इटलीला. द्राक्षांची छाटणी शिकायला, तीन महिने. शेतकऱ्याच्याच घरी राहायचंय. आठवड्यातून एकदा सगळ्यांसाठी रांधायचं, अशी अट आहे. मला चहाशिवाय काही येत नाही… शिकवाल?”

अशी आमची रविवारची शिकवणी आमच्या स्वयंपाकघरात सुरू झाली. पहिल्याच दिवशी बाबा पेपरामागून म्हणाले, “भाजीवाला घरपोच भाजी देतो हे ऐकलं होतं. जेवूनही जातो, हे आजच पाहतोय.”

मी त्याला बजावलं, मसाल्याचे डबे न्यायचे नाहीत. तिथल्या बाजारात काय मिळतं ते पाहायचं आणि त्यातून आपलं काय होतं ते शोधायचं. हरभऱ्याचं पीठ तिथेही मिळतं, म्हणून पिठलं. सूरजच्या पिठल्यात दर वेळी गुठळ्या व्हायच्या. मी त्याच्या हातातून डाव घ्यायची, बोटांना बोटं लागायची आणि दोघंही पिठल्याकडेच बघत राहायचो. तिसऱ्या रविवारी ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. पाचव्या रविवारी माझ्या लक्षात आलं, की मी शनिवारपासूनच घड्याळ पाहते आहे.

सहावा रविवार शेवटचा होता. मंगळवारी त्याचं विमान. सकाळी मंडईत मी शकूमावशींना म्हटलं, “काळजी करू नका हं. पिठलं जमेल त्याला आता.”

मावशी कोथिंबिरीची जुडी बांधता बांधता थांबल्या. “त्याला? अगं, दहा वरसं झाली, घरचा सैपाक तोच करतोय. मी पहाटेपासनं हितं हाय, मग करणार कोण?”

माझे कान तापले. पाच रविवार मी त्याला फोडणी शिकवत होते! घरी येईपर्यंत मी त्याच्यावर मनातल्या मनात दहा वेळा ओरडले. आणि अकराव्या वेळी… इतका खटाटोप तो का करत होता, हे कळलं आणि जिन्यातच बसले.

दुपारी बाबा झोपले होते. सूरज आला, कांद्याकडे पाहून नेहमीसारखा गोंधळला.

“पुरे,” मी म्हणाले. “मावशींनी सांगितलं.”

त्याने मान खाली घातली. “रागावलीस?”

“खूप. आज नीट कर. मी बघते.”

त्याने सुरी घेतली. कांदा सरसर चिरला गेला, लसूण ठेचला, पिठलं रटरटलं. एकही गुठळी नाही. त्याने मला वाढलं आणि समोर बसला. मी पहिलाच घास घेतला आणि माझे डोळे भरून आले.

“तिखट झालं?”

“नाही रे. छान झालंय… निघण्याआधी पाहुण्याने करावं तसं. मी पाच देशांत असंच रांधून, दुसऱ्या दिवशी बॅग उचलून निघून आले. पाओलाबाई गल्लीच्या टोकापर्यंत सोडायला आल्या होत्या. मी एकदाच मागे पाहिलं. मी गेल्यावर त्यांना घर किती रिकामं वाटलं असेल, हे मी कधी विचारातच घेतलं नाही.”

सूरज ताटं उचलून मोरीकडे वळला. मीही परक्या घरी हेच करायची. भांडी घासून, ओटा लख्ख पुसून, जणू कुणी आलंच नव्हतं.

मी त्याचं मनगट धरलं. “राहू दे.”

“अगं, खरकटी आहेत.”

“असू देत. पाहुणे आवरून जातात, सूरज. तू पाहुणा नको आहेस मला. तू हवा आहेस. तीन महिने जा, छाटणी शिक, त्यांना पिठलं खाऊ घाल… पण इथून निरोप घेऊन जाऊ नकोस.”

त्याने ताटं खाली ठेवली. माझा हात मात्र सोडला नाही.

“मग ही भांडी?” त्याने हळूच विचारलं.

“उद्या येऊन घास.”

“आणि परवा?”

“परवा माझी पाळी,” मी म्हणाले. “तू आलास की परत तुझी.”