चौदाची लेन्स

खरं आहे म्हणून सांगतेय. विश्वास ठेवू नका हवं तर, पण तारीख-वेळ माझ्या कॅमेऱ्यातच आहे.

नऊ जून. सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं. टास्मानियातलं झीहन गाव. विकायला काढलेलं एक पत्र्याचं घर.

रात्र नव्हती. लख्ख उजेड होता.

घरं विकते माझी थोरली बहीण, नोला. जाहिरातीचे फोटो मी काढते. त्याच आठवड्यात तिने मला चौदाची, म्हणजे चौदा मिलिमीटरची, लेन्स भेट दिली होती.

"हिच्यातून कोंबड्यांचं खुराडंसुद्धा बंगला दिसतं, ब्रायडी."

पहिले दोन दिवस माझं त्या लेन्सशी पटेना. समोरची भिंत पळून जायची. कडेची खुर्ची ताणून सोफा व्हायची. माझेच बूट फोटोत यायचे.

मग नोलाने शिकवलं.

"कोपऱ्यात घुस. पाठ भिंतीला टेकव. आणि हिच्यात लांब दिसतं ते लांब नसतं, हे विसरू नकोस."

त्या घरात मागची खोली शेवटी राहिली. तीन पावलांची. एक लोखंडी पलंग, बस.

"ये ना आत, नोला, दिवा धर."

"नको गं. मी बाहेरून दार लावते. उघडं दार अर्धी खोली खातं."

बरोबर होतं ते. मी कोपऱ्यात शिरले. पाठ टेकवली. कॅमेऱ्याची तिपाई छातीशी ओढली.

अशा खोलीचे तीन फोटो काढायचे असतात. एक काळोखा, एक मधला, एक उजळ. नंतर तिन्ही मिळून एकच फोटो करायचा.

एक. काळोखा.

खट्.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर खोली दिवाणखान्याएवढी दिसत होती. आणि पार पलीकडे, दाराजवळ... अंगठ्याएवढी एक म्हातारी.

मी मान वर केली.

दाराजवळ कुणी नव्हतं.

पुन्हा पडद्यावर पाहिलं...

होती. माझ्याकडे बघत.

लेन्समध्ये ती लांब होती.

खोली तीन पावलांची होती.

"नोला! दार उघड!"

"किती झाले?"

"एकच! नोला, इथे कुणीतरी..."

"दोन राहिलेत. काढ, मग उघडते."

चहात साखर किती, असं विचारावं तसा आवाज.

पत्र्यावर सकाळपासून थयथयाट करणारे पक्षी गप्प झाले होते. दाराकडे मी जाणार कशी? दारातच तर ती होती. मी डोळे मिटले.

दोन. मधला.

खट्.

दाराची मूठ फिरू लागली. खडखड... खडखड...

वाटलं, आली माझी बहीण. सोडवायला.

तीन. उजळ.

याला चार सेकंद लागतात. चारही सेकंद मूठ फिरत होती... दार कण्हत होतं... उघडत नव्हतं.

खट्.

मग उघडलं.

नोला हसत होती. "थट्टा केली गं! लहानपणापासून भित्रीच तू."

तिचे दोन्ही तळवे लालभडक झाले होते.

संध्याकाळी घरी फोटो उघडले.

पहिल्यात म्हातारी माझ्याकडे बघतेय.

दुसऱ्यात तिची पाठ दिसते.

तिसऱ्यात तिचे दोन्ही हात दाराच्या मुठीवर आहेत. हात धूसर आलेत, कारण ती मूठ फिरवतेय. जोर लावून. आतून.

स्वतःसाठी की माझ्यासाठी, मला माहीत नाही.

पण बाहेरून कोण धरून होतं, ते माहीत आहे.

तिन्ही फोटो मी तसेच नोलाला पाठवले. एक शब्द लिहिला नाही. दुसऱ्या दिवशी जाहिरात लागली. खोली मोठी, उजळ, रिकामी.

मी फोन लावला. "तू पुसलंस तिला?"

"दर वेळी पुसावं लागतं. आणि बाहेरून काढलं की खोली काडेपेटीएवढी येते, म्हणून तर..."



"दर वेळी, नोला?"

"मला कोपऱ्यातून फोटो हवा होता. मी नाही जाऊ शकत त्या खोलीत."

"आणि मी?"

"तू काढलेस की."

घर ऑगस्टमध्ये विकलं गेलं. लेन्स मी नोलाच्या पायरीवर ठेवून आले. दोन दिवसांनी लेन्स परत माझ्या पायरीवर होती. सोबत चिठ्ठी. शुक्रवारी स्ट्राहनला एक घर आहे. मागे लहान खोली आहे.

नाही म्हणायला फोन केला.

तिने नीट ऐकून घेतलं. मग अगदी प्रेमाने म्हणाली, "मग कुणाला पाठवू, ब्रायडी?"

आज बुधवार आहे. मी अजून उत्तर दिलेलं नाही...