‘येतो’ नावाचं बटण

पाथर्डीची एस.टी. माळीवाड्याच्या स्टँडवरून सुटली, तेव्हा दीपा भिंगारदिवेच्या मांडीवर दोनशे पानी वही होती आणि डोक्यात एका अनोळखी माणसाबद्दलचा राग होता. माणूस अनोळखी असला की रागवायला सोपं जातं. समोर येऊन तो काही बोलत नाही, त्याचा चेहरा पाहून आपल्याला वाईट वाटत नाही. दीपा महिनाभर मनसोक्त रागावली होती.

साल १९९९, महिना डिसेंबर. नगरच्या सावेडीत काकासाहेबांचे संगणकाचे वर्ग होते आणि पाथर्डी, जामखेड, अकोले इथे त्यांच्या शाखा. काकासाहेब नव्याचे भोक्ते. त्यांनी त्या वर्षी सगळ्या शाखांतल्या मशिनींवर विंडोजऐवजी लिनक्स चढवलं होतं. लिनक्समध्ये नवीन प्रोग्रॅम बसवायचे, नको ते काढायचे, यासाठी एक पडदा असायचा. आधी तो काळाकुट्ट होता : अधिक दाबलं की प्रोग्रॅम आला, वजा दाबलं की गेला. कुणाला आवडायचा असं नाही, पण सवय झाली होती. दिवाळीनंतर कुण्या बी. एस. साळवे नावाच्या माणसाने त्याचं रूपच पालटून टाकलं. निळ्या खिडक्या, खोक्यांची चित्रं, मराठी बटणं. त्या वेळी लिनक्सला मराठी अक्षरं धड दाखवता येत नसत, म्हणून या गृहस्थाने प्रत्येक बटणावरचा शब्द चित्रासारखा ठिपक्या-ठिपक्याने काढला होता. पाथर्डीच्या शाखेत शिकवणाऱ्या दीपाकडे काम आलं होतं, की हे नवं रूप लोकांना कसं वाटतं ते विचारायचं आणि वहीत लिहून आणायचं.

लोकांना ते कसं वाटत होतं, ते वहीत सविस्तर होतं.

“काय लिहिलंय एवढं?” शेजारच्या सीटवरून आवाज आला.

मफलर गुंडाळलेला, पंचविशीचा एक जण. मघापासून तो वहीत तिरका डोकावत होता, हे तिला माहीत होतं. तिने वही बंद केली नव्हती, हेही खरंच.

“शिव्या,” दीपा म्हणाली.

“कुणाला?”

“आहे एक साळवे म्हणून. पुण्याबिण्यात बसलेला असेल. पोट सुटलेलं, चष्मा… आमच्या मशिनीचं वाटोळं केलं त्याने.”

त्याने मफलर जरा वर ओढला. “वाचा की एखादी.”

तिने वाचली. पाथर्डी शाखेचे गोरक्ष सर, वय पन्नास, आधी टायपिंगचे क्लास चालवायचे. त्यांना चित्र काढायचा प्रोग्रॅम हवा होता. पडद्यावर तो दिसला, त्याच्याखाली बटण होतं ‘काढा’. कपाटातून वस्तू काढावी तसा त्यांनी तो काढला. प्रोग्रॅम गायब. मग त्यांना वाटलं, दुसरा काढून बघू. असे त्यांनी एका सकाळी अकरा प्रोग्रॅम काढले. शेवटी मशिनीत घड्याळ तेवढं उरलं.

तो हसला, आणि हसता हसता थांबला. “पण शब्द चुकीचा नाही हो तो. ‘काढा’ म्हणजे काढून टाका, असंच त्याला म्हणायचं असणार.”

“तुम्हाला कुणी म्हटलं, डबा काढा, तर तुम्ही तो खिडकीतून फेकून देता?”

करंजी घाट लागला. गाडी वळणं घेत चढायला लागली, खिडकीतून गार वारा आला, दीपाने पदर खांद्यावर घट्ट ओढला. तेवढ्यात त्याने पिशवीत हात घातला, ॲल्युमिनियमचा डबा बाहेर काढला आणि उघडून तिच्यापुढे धरला. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी.

“काढला,” तो गंभीरपणे म्हणाला. “फेकला नाही.”

दीपाला हसू आवरलं नाही. अनोळखी माणसाच्या डब्यातलं खाऊ नये, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं होतं. तिने चतकोर घेतली.

पाथर्डीला दोघेही उतरले. ती शाखेकडे वळली, तोही वळला. तिने पायऱ्या चढल्या, त्याने चढल्या. मग मात्र तिने वळून कपाळाला आठ्या घातल्या.

“मी भीमराज साळवे,” तो म्हणाला. “काकासाहेबांनी पाठवलंय. शिव्या समक्ष ऐकून या म्हणाले.”

पोट सुटलेलं नव्हतं. चष्माही नव्हता. दीपाला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं, पण धरणी पाथर्डीची, कडक. ती तशीच उभी राहिली.

“चतकोर परत मागू नका,” ती कशीबशी म्हणाली.

भीमराज मूळचा पाथर्डी तालुक्यातलाच निघाला. आई-वडिलांनी बरेच हंगाम ऊसतोडीत काढले. हा वसतिगृहात राहून शिकला. नाव ऐकलं, गाव ऐकलं, तेव्हा तिच्या घरचे उद्या जे चार प्रश्न विचारतील त्यातले दोन मिटले, असा हिशेब दीपाच्या मनाने तिला न विचारताच करून टाकला. ‘उद्या’ कशाला विचारतील, याचं उत्तर मनाकडेही नव्हतं.

त्यानंतर तो आठवड्यातून तीनदा येऊ लागला. लोक पडद्यापुढे बसायचे, तो मागे उभा राहायचा. मदत करायची नाही, असा दीपाचा नियम होता. कुणी चुकलं की त्याचे ओठ हलायचे, हात पुढे यायचा… आणि दीपा वहीवरूनच म्हणायची, “सर, हात मागे.” तो हात मागे बांधायचा. गोरक्ष सरांनी एकदा अर्धा तास पडदा न्याहाळून शेवटचं मत दिलं, “जुनंच लई बरं हुतं. काळं हुतं, पण आपलं हुतं.” भीमराजने ते खाली मान घालून ऐकलं. दीपाने शब्दन् शब्द उतरवून घेतला. तिला त्याची दया आली, पण खोडरबर काही तिने घेतला नाही.

संध्याकाळी परतीच्या गाडीत दोघं वही मध्ये ठेवून बसत. ‘काढा’चं ‘काढून टाका’ झालं. खोक्यांची चित्रं गेली, कारण अर्ध्या लोकांना ती माठ वाटत होती. “माठ चांगला काढलाय, पण पाणी कुठंय?” असं एकाने लिहिलं होतं.

“मला चित्रकला येत नाही,” भीमराज म्हणाला.

“ते माहीत झालंय तालुक्याला.”

“तुम्ही एखादं चांगलंही लिहीत जा की मॅडम…”

“कुणी बोललं तर लिहीन.”

“तुम्ही बोला.”

“मी फक्त लिहिते,” दीपा म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली. बाहेर तिसगाव होतं. त्यात पाहण्यासारखं त्या वेळी काही नव्हतं, तरी तिने बराच वेळ पाहिलं.

मग आल्या केशरबाई. बालवाडी चालवायच्या, चाळिशी ओलांडलेली, मुलांसाठी गाण्यांची पत्रकं छापायला शिकत होत्या. त्यांनी अक्षरांचा प्रोग्रॅम निवडला, आणि बसवायच्या बटणाऐवजी कोपऱ्यातलं एक हिरवं बटण दाबलं. त्यावर शब्द होता ‘येतो’. दाबल्याबरोबर अख्खा पडदा मिटला.

केशरबाई हात मांडीवर ठेवून वाट पाहत बसल्या. पाच मिनिटं झाली.

“काय करताय, ताई?” दीपाने विचारलं.

“येतो म्हनलाय न्हवं त्यो प्रोग्रॅम? यील की. घाई कशाला?” आणखी थोडं बसून त्या म्हणाल्या, “काय बाई मेला! येतो म्हनला आन् गेलाच की!”

वर्ग खो-खो हसला. दीपाही हसली. भीमराज हसला नाही.

त्या दिवशी गाडीत तिने विचारलं, “बाहेर पडायच्या बटणाला ‘येतो’ कशाला लिहिलंत? ‘बंद करा’ लिहायचं सरळ.”

“‘बाहेर जा’ लिहिलं होतं आधी,” तो म्हणाला. “ठिपके भरत होतो, आई मागं उभी. विचारलं, काय लिहितोस? सांगितलं. तर म्हणाली, घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत भीमा, आणि तू यंत्राला ‘जा’ म्हणायला लावतोस? ‘येतो’ लिही. दरसाल कारखान्यावर जायला ट्रकमध्ये चढायची, तेव्हा मलाही तेच म्हणायची. येते. सहा महिने लागायचे, पण यायची…” तो थांबला. “मग मी ‘जा’ खोडलं. चुकलंच. लोकांना कळायला पाहिजे.”

दीपाने वही उघडली. केशरबाईंचं वाक्य लिहिलेलंच होतं, त्याखाली ‘बटणाचा शब्द बदलावा’ असं लिहायचं होतं. ते तिने लिहिलं. लिहिताना तिच्या लक्षात आलं, की हा माणूस आपल्याला आवडतो. थोडाथोडका नाही, चांगलाच. आता याचं काय करायचं, ते वहीत कुठल्या रकान्यात बसत नव्हतं.

जानेवारीच्या मध्यावर तो उशिरा आला. हातात एक पत्र होतं.

“बंगळूरची कंपनी आहे,” त्याने सांगितलं. “असेच पडदे करायचं काम. माझं काम पाहिलंय त्यांनी, आवडलंय. पण म्हणतात, वापरणाऱ्यांनी काय म्हटलं ते हवं. खरोखरच्या लोकांनी. महिनाअखेरच्या शनिवारपर्यंत पोचलं तर जागा माझी.” आणि जरा थांबून, “ते लिहायला काकासाहेब तुम्हालाच सांगणार आहेत.”

काकासाहेबांनी तसंच केलं. “पोरी, तू तोंडावर खरं बोलतेस. तुझंच लिहिलेलं पाठवू,” म्हणाले.

दीपाने शेवटचा फेरा केला. आणि घोळ असा झाला, की आता लोक खूश होते. केशरबाईंनी सात मिनिटांत प्रोग्रॅम बसवून मुलांचं पत्रक छापलं आणि भिंतीला चिकटवलं. जामखेडहून, अकोल्याहून चिठ्ठ्या आल्या, सोपं झालं. गोरक्ष सर पडद्यावर बोट ठेवून नव्या मुलांना शिकवू लागले, विचारलं तर म्हणाले, “वंगाळ न्हाई. लिवा तसं.” त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे जवळजवळ पोवाडा.

दीड महिना मान मोडून तिने त्याच्या चुका काढल्या होत्या, आणि आता एकही धड चूक उरली नव्हती. तिने दोन रात्री खोटं लिहून पाहिलं. ‘लोक अजून गोंधळतात’ एवढी एक ओळ पुरली असती. ती ओळ तिला लिहिता येईना. सकाळी कागद फाडून तिने होतं तसं लिहिलं. दोन पानं झाली.

शनिवारी दुपारी सावेडीच्या ऑफिसात ती आणि भीमराज दोघंच होते. काकासाहेब एका लग्नाला गेलेले. मजकूर इंटरनेटवरून पाठवायचा होता. मोडेमने फोन लावला, कुईंकुईं केलं, खरखर केली, जोडणी झाली… आणि तुटली.

“वहिनींनी वर फोन उचलला,” भीमराज म्हणाला. काकासाहेबांचं घर वरच्या मजल्यावर, फोनची लाइन एकच.

तिने पुन्हा लावला. पुन्हा जोडणी झाली, पुन्हा तुटली. घड्याळात साडेतीन.

“राहू द्या,” तो म्हणाला.

“काय राहू द्या?”

“आज नाही पोचलं तर नाही पोचलं. मी इथंच राहीन. काही वाईट नाही इथं.” तो मोडेमकडे बघत बोलत होता. “तुम्हाला… चालेल का?”

चाललं असतं. नुसतं चाललं नसतं, धावलं असतं. दीपा उठली आणि जिना चढून वर गेली. वहिनी सोफ्यावर, मांडीवर फोन.

“वहिनी, दहा मिनिटं फोन उचलू नका. महत्त्वाचं पाठवायचंय.”

“एवढं काय गं अडलंय?”

“साळवे सरांची बंगळूरची नोकरी आहे. ते आजच गेलं पाहिजे.”

वहिनींनी रिसीव्हर ठेवला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. “बरं. पण मग तू रडतेस कशाला?”

दीपाने गालाला हात लावला. ओला होता. “मला ते आवडतात,” ती म्हणाली. “म्हणून.” आणि वळली, तर भीमराज जिन्याच्या चौथ्या पायरीवर उभा. काय विचारायला आला होता कोण जाणे, तोंड अर्धं उघडंच होतं.

ती त्याच्या बाजूने खाली उतरली, खुर्चीवर बसली आणि तिसऱ्यांदा फोन लावला. कुईंकुईं झाली, खरखर झाली. तो शेजारी येऊन उभा राहिला, हात मागे बांधून. पडद्यावरची निळी पट्टी हळूहळू सरकत शेवटापर्यंत गेली. पोचलं.

“कशाला पाठवलंत?” त्याने विचारलं.

“काम चांगलं होतं म्हणून.”

“आणि वर जे म्हणालात ते?”

“ते कामाबद्दल नव्हतं.”

वर वहिनींनी फोन उचलल्याचा बारीक टक्क आवाज झाला. भीमराजने खुर्ची ओढली, तिच्यासमोर बसला, आणि पहिल्यांदाच मॅडम न म्हणता बोलला.

“दीपा… बंगळूर लांब आहे. एकट्याने जायचं मनात नाही. एक विचारू?”

“विचार,” ती म्हणाली. ‘विचारा’ म्हणायचं होतं. शेवटचा काना राहून गेला, आणि तो तिने पुन्हा लावला नाही.