कुकरीची खाच

शैलेंद्रकाकाला जुनी वस्तू सुखानं जुनी राहिलेली बघवत नसे! विजयाआजीचा, म्हणजे आपल्या आईचा, पितळी डबा त्यानं चंदेरी रंगानं रंगवला, तेव्हापासून त्यातल्या लाडवांनाही रंगाचा वास. आणि पाटातून निखळलेलं विळीचं पातं? "धार लावून आण" म्हणून आजी दोन वर्षं कानीकपाळी ओरडत होती, पण तिकडे ढुंकूनही बघायला नको! खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मात्र स्वारी जवळच्या कोटरा वस्तीतल्या कबाडीवाल्याकडून, म्हणजे भंगारवाल्याकडून, नेपाळी कुकरी घेऊन आली. बाकदार आणि गंजानं लाल झालेली.

"उद्या पूजेत मांडू! आधी आनंद नगरच्या धारवाल्याकडून घासून तिचा आरसा करतो. आणि मुठीजवळचा हा तुकडा उडालाय, तोही भरून घेतो."

दसऱ्याच्या सुटीत उद्योग शोधणारी काकाची पुतणी जुई आणि तिचा धाकटा भाऊ गौरांग लगेच कुकरीवर ओणवे झाले.

"काका, तुकडा उडाला असता तर कड खरखरीत लागली असती," जुई म्हणाली. "ही खाच किती गुळगुळीत आहे! कुणीतरी मुद्दाम केलीय."

"आणि गंजाखाली अक्षरं! द... ब... गु..." गौरांग ओरडला.

"ओरखडे आहेत ते! चाकावर धरलं की जातील." काकानं कुकरी वर्तमानपत्रात गुंडाळून वर सुतळी बांधली आणि तो शर्ट बदलायला आत गेला.

"यार दीदी, नाव पुसलं गेलं तर ही कुणाची ते कधीच कळणार नाही!"

जुईची नजर कोपऱ्यात पडलेल्या विळीच्या पात्याकडे गेली. तेही बाकदार, तेही गंजलेलं! पुडकं सुटलं, कुकरी बाहेर आली, पातं आत गेलं. वर बघतात तो दारात आजी!

दोघं जागीच थिजली. आजीनं मात्र खाली वाकून सुतळी आवळली. "गाठ तरी नीट मारा! आणि कुकरी माझ्या कपाटात ठेवा."

काका निघताना तिनं विचारलं, "उघडून बघशील ना रे?"

"सकाळपासून बघतोच आहे की!" म्हणत काकानं स्कूटरला किक मारली.

मुलं धावत कोटऱ्याला पोचली. "भैया, वो खुखरी किसके घर से आई थी?"

"बेटा, रोज दस घर का लोहा आता है!" कबाडीवाला वैतागला.

"‘गु’ से कोई नाम? सोचिए ना!"

"गु... अरे, गुरुंग सिस्टर! टंकी के पास. घर की रंग-पुताई के टाइम उनके लड़के ने लोहे से भरा ट्रंक दिया था, उसी में थी."

टाकीजवळच्या घरात निवृत्त नर्स सुमित्रा गुरुंग पलंगाखालून खोकी ओढत होत्या. "द. ब. गु." ऐकताच त्यांचे हात थांबले. "दलबहादुर गुरुंग. मेरे पिताजी! कल नवमी को उसी की पूजा होती है. तीन दिन से ढूँढ रही हूँ."

आजीकडे आल्यावर त्यांनी खाचेवरून हलकेच बोट फिरवलं. "टूटा नहीं है, ऐसा ही बनता है. इसे भर देते, तो पिताजी की खुखरी कहाँ रहती?"

मग आजीनं जुनी चादर पसरली. सुमित्रामावशींनी धार पलीकडे ठेवून रॉकेलच्या बोळ्यानं आणि बारीक पॉलिश-कागदानं गंज उतरवला. मुलांना फक्त जाड पाठीकडची बाजू मिळाली. अक्षरं ठसठशीत दिसू लागली. वरून सरसोंच्या तेलाचा हात फिरला.

तेवढ्यात काका शिटी वाजवत आला. "पुडकं दिलं, पोहे-जलेबी खाल्ली, पुडकं घेतलं! बघा आता आरसा!"

कागद सुटला. विळीचं पातं लखलखलं.

"हे... हे काय?"

गौरांग हसून जमिनीवर लोळला. जुईनं सगळं सांगितलं. काकाचे कान लाल झाले. "सॉरी, सिस्टर," तो पुटपुटला. सुमित्रामावशींनी कुकरी छातीशी धरली आणि मुलांच्या डोक्यावर हात ठेवले. "तुम्हारी नज़र ने मेरा घर बचा लिया!"

"नातवंडं माझी आहेत!" आजी ताठ होत म्हणाली. मग पात्याच्या धारेवर नजर फिरवून ती लेकाकडे वळली.

"शैलेंद्र, जन्मात पहिल्यांदा तुझ्या हातून एक जुनी वस्तू सुधारली, आणि तीही तुला पत्ता नसताना! आता विळीला पाट बसवून आण. रंगवलास तर याद राख!"