पार्किंगमधला वर्ग

अंबरपेठेतल्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी तेजश्री मुलांना समानतेचा हक्क समजावत होती. तेवढ्यात जिन्यावरून एक तरुण उतरला. केस विस्कटलेले, डोळे झोपेने जड... हा गोंधळ अजून किती वेळ, असं त्याने विचारलं.

तेजश्री वकील होती, घाबरणारी नव्हती. तिने खुर्ची पुढे केली.

"बसा. तक्रार मुलांपुढे मांडा."

तो ओशाळून बसला. त्याचं नाव कौस्तुभ, पुण्याचा, आयटीतला. रात्रपाळी करून सकाळी झोपायचा. सगळं ऐकून घेतल्यावर आठ वर्षांच्या सुजाताने, झोपेचा हक्क अंकललाही आहे, असं सांगितलं. वर्ग संध्याकाळी पाचला भरवायचं ठरलं.

पुढच्या रविवारी पाचला तो स्वतःच मागच्या रांगेत येऊन बसला. मग दर रविवारी. कधी मुलांसाठी उस्मानिया बिस्किटं आणायचा, कधी उगाच शंका काढून तेजश्रीशी वाद घालायचा. उत्तर देताना तिची नजर त्याच्यावर जरा जास्तच रेंगाळे... आणि मुलं एकमेकांना कोपरखळ्या मारत.

एका रविवारी सोसायटीचे अध्यक्ष लक्ष्मणराव वर्गातच आले. रहिवाशाची तक्रार आहे, वर्ग बंद, असं त्यांनी सांगून टाकलं. कौस्तुभचा चेहरा उतरला. पहिल्यांदा खाली उतरण्याच्या आदल्याच दिवशी त्याने वर्गाच्या गोंधळाबद्दल लक्ष्मणरावांना फोन केला होता आणि पुढे साफ विसरला होता. त्याने तिथेच कबूल केलं. फळा पुसताना तेजश्रीने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

सोसायटीच्या बैठकीत तो सगळ्यांसमोर उभा राहिला.

"तक्रार माझी होती. पण मुलांना कुणी विचारलंच नाही... मीसुद्धा नाही. आधी त्यांचं ऐका."

सुजाता बोलली, अडखळत, पण शेवटपर्यंत. लक्ष्मणरावांनी डोकं खाजवलं आणि निर्णय मागे घेतला.

बैठक संपल्यावर तेजश्री जिन्यापाशी थांबली होती.

"अजून रागावलायत?" त्याने विचारलं.

"हौ. थोडीशी."

"तेजश्री, मी रविवारी खाली येतो ते... फक्त हक्क शिकायला नाही. तुमच्यासाठी येतो. मला तुम्ही फार आवडता."

तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"इतकं बोललास," ती हळूच म्हणाली, "तर आता ते 'तुम्ही' नक्को."

अगदी जपून, पहिल्यांदाच तो म्हणाला, "तू..."

मग तो जिन्यातच बसला. ती हसली आणि त्याच्याशेजारी पायरीवर बसली.