उल्फारकाकांचा डावा हात

वाळत टांगलेले मासे धुकं उतरायच्या आत घरात आणायचे होते, म्हणून आईने रान्वेगला खाली किनाऱ्यावर पिटाळलं. काम रोजचंच. उत्तरेकडच्या त्या खाडीत हिवाळ्यातला दिवस म्हणजे दुपारचा जेमतेम तासभर निळसर उजेड. नऊ वर्षांच्या रान्वेगला त्याचं काही वाटत नसे.

माशांची पहिली जुडी खांद्यावर घेते न घेते, तोच तिला आवाज आला.

ठक्... ठक्... ठक्...

कुणीतरी हातोडीने फळ्या ठोकत होतं. गावात होड्या बांधणारा माणूस एकच, उल्फारकाका. आणि ते तर काल पहाटेच गेले होते. आईने त्यांना आंघोळ घातली, तेव्हा रान्वेग शेजारीच होती. आता होड्यांच्या छपरीत एका फळीवर त्यांना निजवलं होतं. उद्या टेकडीवर पुरायचं होतं.

पण आवाज छपरीतून येत नव्हता. तो पाण्यावरून येत होता.

रान्वेगला एकदम नखं आठवली. मेलेल्या माणसाची नखं कापायची राहिली, तर ती खाली काळोखात जातात. तिथे त्याच नखांचं एक जहाज बांधलं जातंय, नाग्लफार. ते पुरं झालं की राक्षस त्यात बसून देवांवर चालून येतील आणि जग बुडेल. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. म्हणूनच काल आईने तिच्या हाती कात्री दिली होती. उजव्या हाताची नखं तिने कापली. डावा हात मात्र इतका गार लागला, की तिने तो झटकन सोडून दिला.

"झाले का गं दोन्ही हात?" आईने विचारलं होतं.

"झाले," ती म्हणाली होती.

ठक्... ठक्... आवाज आता जवळ आला होता.

जुडी टाकून ती छपरीकडे धावली. दाराची कडी काढली. आत डांबराचा वास, ओल्या दोरांचा वास, आणि त्याखाली आणखी कसला तरी, खोल समुद्रातल्या चिखलासारखा. खुंटीवरची लोकर कातरायची कात्री तिने काढून घेतली.

उल्फारकाकांची डावी मूठ घट्ट मिटलेली होती. काल ती उघडी होती.

"काका... मी आलेय. रान्वेग..."

फळ्यांच्या फटीतून तिला बाहेर दिसलं. धुक्यात घराहून उंच असं काहीतरी उभं होतं, शिंगासारखं पिवळट. जहाजच ते. त्याच्या कुशीत एकच भोक उरलं होतं, तळहाताएवढं.

"मूठ सोडा ना, काका... चुकलं माझं. मी घाबरले होते..."

मूठ हलली नाही. तिला रडू फुटलं. थंडीत तिची बोटं आखडली की काका म्हणायचे, "आण इकडे, चिमणे. गारठलेल्या हातांनी कधी होडी होते का!" आणि तिचे हात ओंजळीत धरून फुंकर घालायचे.

तिने तो गार हात दोन्ही हातांत धरला. डोळे मिटले आणि फुंकर घातली. एकदा... दोनदा... कितीतरी वेळ.

बोटं एकेक करून उघडली.

पाचवं नख कापलं आणि ठोकणं थांबलं. तिने बाहेर पाहिलं. धुकं विरळ होत होतं. पाणी मोकळं होतं.

कापलेली नखं मुठीत घेऊन तिने दाराला कडी घातली आणि घर गाठलं. नखं चुलीत टाकली आणि आईला सगळं खरं सांगून टाकलं. आईने लेकीला पोटाशी घेतलं.

"अगं वेडे, तुझ्याएवढी असताना मीही असाच एक गार हात सोडून पळाले होते. पण मी परत गेले नव्हते..."

त्या हिवाळ्यात गावावर दुसरं काही संकट आलं नाही. सूर्य वेळेवर परतला, मासे भरपूर लागले.

फक्त त्या रात्रीनंतर काकांना उचलायला चौघे गेले, मागोमाग आई आणि रान्वेगही, तेव्हाची गोष्ट कुणी काढत नसे. दाराला कडी तशीच होती. रात्री पडलेल्या बर्फावर एकही पाऊल नव्हतं. आणि काकांच्या डाव्या हातात एक हातोडी होती. लाकडाची नव्हे, हाडाचीही नव्हे; शिंगासारखी पिवळट. तिच्यातून समुद्राचं पाणी ठिबकत होतं.

"राहू दे त्यांच्याजवळच," आई हळूच म्हणाली.

रान्वेगने पुढे होऊन दांड्याला बोट लावलं.

दांडा गरम होता... आत्ताच कुणाच्या तरी हातातून ओढून घेतल्यासारखा.