बिस्कीट कलर

प्रणाली गेल्याचं कळलं तेव्हा मी शिडीवर होतो. सकाळचे साडेदहा वाजले होते. एका हातात पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा, दुसऱ्यात ब्रश. फोन तिच्या भावाचा, अश्विनचा, अकोल्याच्या दवाखान्यातून.

"भाऊजी, तुमी पयले खाली उतरा."

मी शिडीवर आहे हे फक्त त्यालाच ठाऊक होतं. मी उतरलो. मग तो बोलला.

मी किशोर. मूर्तिजापुरात घरं रंगवतो. ती कशी भेटली ते आधी सांगतो.

दिवाळीच्या तोंडावर आमच्याकडे लोक घरचं तूप, मैदा, पिठीसाखर घेऊन बेकरीत जातात आणि नानकटाई भाजून आणतात. सात वर्षांपूर्वी मायनं मला नत्थुजींच्या बेकरीत पाठवलं होतं. भट्टीपुढे ही गर्दी. ट्रे सगळे सारखेच, म्हणून जो तो नानकटाईवर आपली खूण करतो. आमची खूण चारोळी. चारोळीचा ट्रे दिसला, मी उचलला आणि कोपऱ्यात बसून खायला लागलो.

"कशी झाली?" मागून आवाज आला.

"एक नंबर. मायच्या हातची हाय."

"बरं झालं सांगितलं. मले माहीतच नव्हतं, मी तुमची माय हाय थे."

मी वळून पाहिलं. ओढणी कमरेला खोचलेली, हात मैद्यानं पांढरे, भट्टीच्या धगीनं गाल लाल झालेले.

"आमच्यावर दोन चारोळ्या असतात, तुमच्यावर एक. मोजता येते ना?"

"येते."

"मंग खाल्ल्या किती?"

"तीन…"

"मिशीले तर पाचाचा भुगा लागला हाय."

मी आमच्या ट्रेमधल्या पाच तिला दिल्या. तिनं त्यातली एक तिथंच खाल्ली. सावकाश, माझ्याकडे बघत. "मायले सांगा, तूप कमी पडलं," म्हणाली आणि हसली. मी रिकामा हात तसाच पुढे धरून उभा होतो.

ती भाजीवाल्या माळ्यांच्या घरातली, अंगणवाडीत शिकवायची. महिनाभरानं तिनंच मला कामाला बोलावलं. अंगणवाडीच्या भिंतीवर तिला एका गोष्टीतलं घर काढून पाहिजे होतं. बिस्किटाच्या भिंती, वर केकचं छप्पर, कडेला क्रीम.

"भिंतीवर कायले?" मी म्हणालो. "खरंच दाखवतो. येता का?"

"खरं असं घर असते?"

"या तर…"

शकुंतला नावाच्या जुन्या छोट्या रेल्वेच्या रुळावर, गावाबाहेर, एक छोटं स्टेशन होतं. गाडी बंद झाल्यापासून तिथं कोणी फिरकत नव्हतं. तपकिरी भिंती, कोपऱ्यांवर पांढरे पट्टे, उतरतं कौलारू छप्पर, आणि छपराच्या कडेनं लाकडाची पांढरी झालर. ती माझ्या मोटरसायकलवरून उतरली आणि नुसती पाहत राहिली. मग पुढे गेली, पट्ट्यावर नख घासलं, बोट जिभेला लावलं.

"चुना हाय," तिनं तोंड वाकडं केलं.

"मंग काय साखर पाहिजे होती?"

"गोष्टीत अशा घरात चेटकीण राहते. माहीत हाय ना?"

माझ्या तोंडून निघून गेलं — "मायं घर बी मी असंच रंगवतो. बिस्कीट कलर, पांढरी किनार. मंग चेटकीण येईन का… राहाले?"

तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"पयले रंग तर मारा," ती म्हणाली.

रंग मारायच्या आधीच ती आली. लग्नानंतर कुठंही निघालो की आम्ही तसली घरं शोधायचो. चिखलदऱ्याचा एक बंगला, परतवाड्याच्या रस्त्यावरचं संत्रावाल्याचं घर, अमरावतीतली एक जुनी शाळा. "पायलं का? सातवं!" ती माझ्या पाठीवर थाप मारायची. आणि लगेच, "आठवं कवा?"

आठवं म्हणजे आमचं. ते सहा वर्षं नुसत्या प्लास्टरचं राहिलं. दिवाळीपूर्वी लोकांची कामं, उन्हाळ्यात लग्नघरांची. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं.

यंदा सप्टेंबरात तिला डेंग्यू झाला. अकोल्याला भरती केलं. तीन रात्री मी तिथंच होतो. चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, सुधारणा आहे, दोन-तीन दिवसांत घरी जाल. मला वाटलं, ती रिक्षातून उतरेल आणि समोर आठवं घर असेल. अश्विनला तिच्याजवळ ठेवलं, त्याला सगळं सांगितलं, तिला सांगू नको म्हणालो आणि मूर्तिजापूरला परत आलो. दोन दिवसांत भिंती झाल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला.

"काय करून राहिले?"

"काम हाय."

"कोणाचं घर?"

"हाय एकाचं. लई घाई हाय त्याले."

"मायापेक्षा जास्त?" ती हसली. मग म्हणाली, "उद्या या ना…"

"परवा येतो. पक्कं."

"बरं," ती म्हणाली. आवाज बारीक वाटला. मला वाटलं, रुसली. रुसू दे, परवा कळेलच, असं म्हणून मी ब्रश धुवायला बसलो.

रात्रीतून ती बिघडली. त्यानंतरचं मी वर सांगितलं आहे.

तेरवीला आलेले लोक अंगणात उभं राहून भिंतीकडे बघत होते. कोणी म्हणालं, रंग चांगला आला. मी अश्विनला बाजूला घेतलं.

"तू तिले सांगितलं होतं का? शेवटी तरी?"

त्यानं मान खाली घातली. "तिनं दोनदा इचारलं, भाऊजी. तुमीच सांगू नको म्हणलं होतं."

त्याची काही चूक नाही.

दिवाळी झाली. माय बेकरीत गेली नाही. मी लोकांची घरं रंगवतो आहे. पोट आहे, मायची औषधं आहेत. संध्याकाळी घरी येतो तर लांबून ते घर दिसतं, अगदी तिला पाहिजे होतं तसं. म्हणून आता मागच्या गल्लीतून येतो.

समोरच्या खिडकीची किनार दीड हात राहिली आहे. डब्यातल्या रंगावर साय धरली. आणि ते घर कोणाचं होतं, हे तिला सांगायचं राहिलं.